कार्थेजच्या जमिनीत मीठ पेरलंच नव्हतं

रोमन सेनापती सिपिओ एमिलियानसने इ.स.पू. १४६ मध्ये उत्तर आफ्रिकेतलं, रोमचं शत्रू असलेलं कार्थेज जिंकलं, शहर जाळलं आणि पुन्हा काही उगवू नये म्हणून जमिनीत मीठ पेरलं, असं सर्रास सांगितलं जातं. यातलं मीठ खोटं आहे.

बाकीचं खरं, आणि तेच पुरेसं भीषण आहे. तीन वर्षांचा वेढा, मग घरोघरी लढाई, आणि वाचलेल्या सुमारे ५०,००० लोकांची गुलाम म्हणून विक्री. शहर जळताना सिपिओच्या डोळ्यांत पाणी आलं, रोमवरही हीच वेळ येईल या विचाराने त्याने ग्रीक कवी होमरच्या ओळी म्हटल्या. ही आठवण इतिहासकार पॉलिबियसची, तो तिथे हजर होता. मात्र मिठाचा उल्लेख एकाही प्राचीन लेखकाकडे सापडत नाही. उद्ध्वस्त शहरावर मीठ टाकण्याची गोष्ट बायबलमध्ये आहे, पण ती शखेम या दुसऱ्याच शहराची. कार्थेजला ती फार उशिरा चिकटली, आणि विसाव्या शतकात चांगल्या इतिहासग्रंथांतही शिरली.

शिवाय एवढं मीठ आणायचं कुठून? तेव्हा ते काही फुकट मिळत नव्हतं. आणि जमीन नापीक करून रोमचाच तोटा होता: इ.स.पू. १२२ मध्ये रोमन नेता गायस ग्राकसने तिथेच वसाहत उभारायला घेतली. पुढे सम्राट ऑगस्टसच्या काळात शहर पुन्हा उभं राहिलं, आणि त्या प्रांताचं धान्य रोमला जाऊ लागलं.