एक पडदा, दोन संगणक

सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम आणि कमोडोर ६४ हे दोन्ही घरगुती संगणक १९८२ साली बाजारात आले. आज दोन्ही कुणाकडे चालू स्थितीत असले, तरी त्यांच्या जोडीचा पडदा मिळणं अवघड. पिक्चर ट्यूबचे मॉनिटर आता बनत नाहीत, आणि आमच्या सांगलीत तर २०१९च्या महापुरात भिजलेले कितीतरी संच थेट भंगारात गेले. त्यामुळे जो एक टिकलाय त्याच्यावरच दोघांचं भागवायचं.

पहिला विचार येतो तो दोन्ही संगणकांच्या व्हिडिओच्या वायरी एकत्र जोडून मॉनिटरमध्ये खुपसायचा. जो चालू असेल त्याचं चित्र दिसेल, असं वाटतं. तसं होत नाही, आणि का होत नाही हे समजून घेण्यासारखं आहे.

ट्यूबमधला इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे एकेक ओळ काढत खाली उतरतो. नवी ओळ कधी सुरू करायची, हे त्याला संगणकच सांगतो. दर ओळीमागे साधारण ४.७ मायक्रोसेकंदांचा एक स्पंद येतो, काळ्या रंगाच्या पातळीपेक्षाही ०.३ व्होल्ट खाली. यालाच सिंक म्हणतात. पाल (PAL) या टीव्ही-चित्राच्या पद्धतीत एक ओळ ६४ मायक्रोसेकंदांची, म्हणजे सेकंदाला १५,६२५ ओळी. ४८के (४८ किलोबाइट मेमरीचा) स्पेक्ट्रम बरोबर तेवढ्या काढतो. कमोडोर ६४चं घड्याळ वेगळं, त्याच्या ओळी भरतात सुमारे १५,६३९. एकेकटा असला तर मॉनिटर दोघांनाही सांभाळून घेतो, कारण त्याच्या आतला ऑसिलेटर, म्हणजे ओळींचा ताल धरणारं सर्किट, थोडा मागेपुढे होऊन येणाऱ्या सिंकशी जुळतो.

दोघे एकदम आले, की सेकंदाला १४ ओळींचा फरक पडतो. मिरजेच्या तंबोरा बनवणाऱ्या कारागिरांना असला फरक कानाने कळतो: दोन तारा जवळजवळ एकाच स्वरात असल्या, पण किंचित हललेल्या असल्या, की आवाजात लाटा उठतात. पडद्यावर तीच लाट डोळ्यांना दिसते. एक चित्र दुसऱ्यावरून आडवं सरकत राहतं, कुठला सिंक धरायचा हे मॉनिटरला ठरवता येत नाही आणि दोन्ही चित्रं फाटतात.

बरं, एक संगणक बंद ठेवला तर? तरीही त्याची वायर जोडलेली असतेच. व्हिडिओची वाट ७५ ओहम विद्युतरोधाची धरलेली असते. बंद यंत्राने आणखी तेवढाच भार टाकला, तर १ व्होल्टचा सिग्नल ०.६७ व्होल्टवर येतो. चित्र मंद होतं, सिंकही दुबळा पडतो.

उपाय साधा आहे. व्हीसीआर-व्हीसीडीच्या काळातला, खटका दाबायचा एव्ही स्विच. आत फक्त धातूचे संपर्क असतात. एक यंत्र जोडलं की दुसरं पूर्ण तुटतं. बदलताना चित्र क्षणभर लोळतं, मग नव्या सिंकला धरून स्थिरावतं. स्पेक्ट्रममधून मूळचा फक्त अँटेनाचा सिग्नल बाहेर येतो, त्यामुळे व्हिडिओचा तसा सिग्नल बनवणाऱ्या आतल्या मॉड्युलेटरला वगळून सरळ व्हिडिओ बाहेर काढून घ्यावा लागतो. काम छोटं आहे, आणि चित्र कितीतरी स्वच्छ होतं.

जोडीतला एक बीबीसी मायक्रो असेल, तर जास्त जपावं लागतं. १९८४ साली सुरू झालेल्या ‘क्लास’ या शालेय संगणक-शिक्षणाच्या सरकारी प्रकल्पातून हाच संगणक भारतातल्या शाळांत पोहोचला होता. त्याच्या आरजीबी जोडणीतला लाल, हिरवा, निळा डिजिटल पातळीचा असतो, एकतर शून्याजवळ किंवा कित्येक व्होल्ट. अ‍ॅनालॉग आरजीबी मॉनिटरला ०.७ व्होल्ट लागतात. सिग्नल ४ व्होल्टचा धरला, तर प्रत्येक रंगाच्या वाटेत सुमारे ३५० ओहमचा रेझिस्टर घातला की हिशेब जुळतो. स्विचमधून तिन्ही रंग आणि सिंक एकदम बदलले पाहिजेत. एखादी वायर राहिली, तर रंग एका यंत्राचे आणि सिंक दुसऱ्याचा, असा घोळ होतो.

मॉनिटरऐवजी जुना टीव्ही वापरायचा विचार असेल, तर एक गोष्ट मनापासून सांगतो. त्या काळच्या बऱ्याच टीव्हींची चासी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट मेन्सच्या विजेला जोडलेली असे. अशा संचाला व्हिडिओची वायर डकवली, तर घरची वीज संगणकाच्या धातूपर्यंत आणि तुमच्या हातापर्यंत पोहोचू शकते. व्हिडिओची पिन कारखान्यातूनच बसवलेली नसेल, तर त्या टीव्हीला हात लावू नका. रंगीत ट्यूबवर २५ हजार व्होल्टच्या घरातला दाब असतो, आणि बटण बंद केल्यावरही तो काही काळ तिथे टिकून राहतो.