फ्युएल पाइप खोलताय? आधी पाना बघा

‘फिल्टर बदलायचाय, सोळा-सतराचा पाना द्या’ असं काउंटरवर कुणी म्हटलं, की आम्ही आधी विचारतो, नट पाइपावरचा आहे का? असेल तर साधा फिक्स पाना आम्ही देत नाही. तो षटकोनी नटाच्या दोनच बाजू धरतो. पाइपाचे नट बहुधा मऊ असतात, त्यात गंज. जोर लावला की कडा जातात आणि नट गोल. कोकणातल्या खाऱ्या हवेतल्या गाड्यांवर तर पहिल्याच झटक्यात. रिंग पाना घट्ट धरतो, पण मधून पाइप गेल्यामुळे तो नटावर ओवताच येत नाही.

यावर उपाय म्हणजे फ्लेअर नट पाना, ज्याला लाइन पानाही म्हणतात. दिसायला रिंग पान्यासारखाच, फक्त एका बाजूला खाच. खाचेतून पाइप आत घ्यायचा, मग पाना सरकवून नटावर पूर्ण बसवायचा. नटाच्या पाच बाजू पकडीत येतात. सहा कोनांचा घ्या. बारा कोनांचा झिजलेल्या नटावर घसरतो. पान्याच्या डोक्याची भिंत जाड आणि पोलाद क्रोम व्हॅनेडियम असू द्या. हलक्या मालाची खाच जोर लावताच फाकते. एक मात्र लक्षात ठेवा, खाचेमुळे चांगला पानाही अखंड रिंगएवढा दणकट नसतो. दांड्याला पाइप अडकवून जोर वाढवू नका.

सेटच हवा असं नाही. १०×११ (दोन टोकांची मापं, मिलिमीटरमध्ये) बहुतेक ब्रेक पाइपांना लागतो. इंधनाच्या नटांना १३×१४ आणि १५×१७ मध्ये बरंच काम भागतं. जुनी अ‍ॅम्बॅसेडर किंवा विलीज घराण्यातली जीप असेल तर माप इंचात असतं. ५/८ इंचाच्या नटावर १६ चा पाना बसतो खरा, पण थोडा सैल. हीच फट नट खाते.

पाने नेहमी दोन लागतात. एकाने फिल्टरची किंवा जोडाची षटकोनी बाजू धरून ठेवायची, दुसऱ्याने नट फिरवायचा. एकट्या पान्याने नटाबरोबर पाइपही पिळतो, आणि शंभर रुपयांच्या कामाला नवीन पाइप येतो. धरण्याच्या बाजूला पाइप आडवा येत नसेल तर तिथे साधा पाना चालतो.

नट हलतच नसेल तर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर थांबा. पाइप तसाही बदलायचा असेल तर तो नटाजवळ कापा (इंधन काढून, हाताच्या कटरने, ग्राइंडर अजिबात नको) आणि नट सरळ सहा कोनी गोटीने (सॉकेटने) काढा. स्क्रू पाना आणि व्हाइस ग्रिप (लॉक होणारी पक्कड) यांना या कामातून सुट्टी द्या.

बॅन्जो बोल्टला (पोकळ बोल्ट, ज्याच्या आतून इंधन जातं) खाचेचा पाना लागत नाही, साधी रिंग किंवा गोटी पुरते. फक्त तांब्याचे वॉशर दर वेळी नवे टाका. नव्या पेट्रोल गाड्यांत तर बऱ्याच ठिकाणी नटच नसतो. प्लास्टिकचा क्लिपचा जोड असतो. काही बोटांनी दाबून सुटतात, काहींना छोटं रिलीज टूल लागतं. पाना घालाल तर जोड तुटेल.

दाबाचं काय? पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीत पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू करा, आपोआप बंद पडू द्या, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. इंजिन थंड हवं, जवळ ज्योत किंवा तापणारा बल्ब नको. तरी थोडं पेट्रोल सांडतंच, फडकं धरा.

कॉमन रेल डिझेलची (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारी इंजिनं) गोष्ट वेगळी. तिथे दाब १,६०० बार (बार म्हणजे दाबाचं एकक) आणि त्याहून जास्त जातो. चालू इंजिनवर नट सैल केला तर डिझेलची धार कातडीतून आत शिरते. हे पाइप मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच (पिळण्याच्या ठरलेल्या जोरानेच) आवळायचे, आणि काही कंपन्या ते एकदा काढले की नवेच टाकायला सांगतात. टॉर्क रेंचवर लावायचं खाचेचं डोकं आमच्याकडे मिळतं. ते दांड्याला काटकोनात लावा, म्हणजे टॉर्कचा आकडा बदलत नाही.

सीएनजीच्या पाइपासाठी मात्र आम्ही पाना सुचवत नाही. टाकीत २०० बार असतात. अधिकृत सेंटरलाच जा.

माप कळत नसेल तर जुना नट किंवा मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेला फोटो घेऊन या.