कॉन्झर्व्हेटरी आणि नियोजन परवानगी (इंग्लंड)

घराला, बहुधा परसदाराच्या बाजूला, जोडून बांधलेली आणि भिंती व छत यांचा मोठा भाग काचेचा किंवा पारदर्शक पत्र्याचा असलेली खोली म्हणजे कॉन्झर्व्हेटरी. इंग्लंडच्या नियोजन कायद्यात तिची गणना घराच्या एकमजली विस्तारात होते. त्यामुळे स्वयंपाकघर वाढवताना जे नियम लागतात, तेच बहुतांशी तिलाही लागतात. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड येथील नियम स्वतंत्र असून त्यांचा विचार येथे केलेला नाही.

१९४७ चा नगर व ग्राम नियोजन कायदा १ जुलै १९४८ रोजी अंमलात आला आणि बांधकामासाठी स्थानिक प्राधिकरणाची नियोजन परवानगी घेणे सर्वत्र आवश्यक झाले. ठरावीक मर्यादेतील लहान बांधकामांना मात्र शासनाने आदेशाद्वारे सरसकट परवानगी देऊन ठेवलेली आहे. हिला ‘अनुज्ञेय विकास’ म्हणता येईल; २०१५ चा आदेश, त्यातील नंतरच्या दुरुस्त्यांसह, आज लागू आहे. ‘कॉन्झर्व्हेटरीला परवानगी लागत नाही’ हे सर्रास ऐकू येणारे विधान म्हणूनच दिशाभूल करणारे आहे. परवानगी आधीच दिलेली असते, पण ती सशर्त असते आणि मर्यादा ओलांडणारे बांधकाम विनापरवाना ठरते.

सर्वाधिक चुका होतात त्या ‘मूळ घर’ या संकल्पनेबाबत. मूळ घर म्हणजे १ जुलै १९४८ रोजी जसे उभे होते तसे घर. त्यानंतर बांधले असल्यास, प्रथम बांधले तसे. सर्व मोजमाप येथून होते, आणि पूर्वीच्या मालकाने केलेली वाढही नव्या मालकाच्या हिशेबात धरली जाते. समजा, रांगेतील एका घराचे स्वयंपाकघर पूर्वीच २ मीटर मागे वाढवलेले आहे. तर त्याच्यामागे जोडायच्या कॉन्झर्व्हेटरीसाठी नेहमीच्या मर्यादेतील केवळ १ मीटर उरतो. कारण मागच्या बाजूची ही मर्यादा जोडघर व रांगेतील घर यांसाठी ३ मीटर, तर स्वतंत्र घरासाठी ४ मीटर आहे. उंची ४ मीटरपेक्षा जास्त नसावी, आणि हद्द २ मीटरच्या आत असेल तर वळचणीची उंची ३ मीटरपेक्षा जास्त नसावी. बाजूला बांधलेल्या खोलीची रुंदी मूळ घराच्या रुंदीच्या निम्म्याहून अधिक चालत नाही. घराच्या दर्शनी बाजूपुढे बांधता येत नाही. महाराष्ट्रातील वाचकाच्या परिचयाचा चटईक्षेत्र निर्देशांक येथे नाही; मात्र मूळ घराभोवतालच्या जागेपैकी निम्म्याहून अधिक जागा सर्व वाढीव बांधकामांनी व्यापता कामा नये. बाह्य साहित्य मूळ घराशी मिळतेजुळते असावे, या अटीतून कॉन्झर्व्हेटरीला सूट आहे, आणि ती योग्यच आहे, कारण विटांच्या घराला काचेची खोली मिळतीजुळती दिसणे शक्यच नाही.

२०१३ पासून मागील विस्ताराची मर्यादा जोडघर व रांगेतील घर यांसाठी ६ मीटर, तर स्वतंत्र घरासाठी ८ मीटरपर्यंत नेता येते. २०१९ मध्ये ही तात्पुरती सवलत कायम झाली. त्यासाठी स्थानिक प्राधिकरणाला आधी कळवावे लागते. प्राधिकरण लगतच्या शेजाऱ्यांना किमान २१ दिवसांची मुदत देते आणि कोणी हरकत घेतली तर शेजारच्या घरांना होणारा त्रास तपासून निर्णय देते. ४२ दिवसांत निर्णय कळवला नाही, तर बांधकाम सुरू करता येते.

सदनिकांना हे हक्क नाहीत. राष्ट्रीय उद्याने, संवर्धन क्षेत्रे अशा संरक्षित भागांत बाजूचा विस्तार आणि ६ व ८ मीटरची सवलत दोन्ही वगळलेली आहेत. वारसा यादीतील इमारतीसाठी स्वतंत्र संमती लागते आणि ती न घेता केलेले काम हा फौजदारी गुन्हा आहे.

इमारत नियमावली हा निराळा विषय आहे. जमिनीलगतची, ३० चौरस मीटरपेक्षा लहान, बाहेरील दर्जाच्या भिंती वा दारांनी घरापासून विलग आणि स्वतंत्रपणे नियंत्रित होणारी उष्णता-व्यवस्था असलेली कॉन्झर्व्हेटरी सामान्यतः तीतून मुक्त असते, परंतु काच व विद्युत जोडणी यांचे नियम पाळावेच लागतात. मधले दार काढून खोली घरात मिसळली की ही मुक्तता संपते.

बांधकाम कायदेशीर असल्याचे प्रमाणपत्र घेणे सक्तीचे नाही, पण घर विकताना ते उपयोगी पडते. विनापरवाना बांधकामावर कारवाईची मुदत पूर्वी ४ वर्षे होती. २५ एप्रिल २०२४ पासून, त्याआधी पूर्ण झालेली बांधकामे वगळता, ती १० वर्षे झाली आहे.