कठीण लाकूड आणि मऊ लाकूड

इमारती लाकडाचे वनशास्त्रात आणि व्यापारात रूढ असलेले दोन वर्ग. रुंद पानांच्या, फुले व फळे धरणाऱ्या द्विदल वृक्षांचे लाकूड ते कठीण. सुईसारख्या पानांच्या, शंकू धरणाऱ्या सूचिपर्णी वृक्षांचे ते मऊ. साग, शिसव, बाभूळ, आंबा पहिल्या वर्गात येतात, तर देवदार, चीड (हिमालयातला पाइन), स्प्रूस, फर दुसऱ्यात. लाकूड हाताला किती घट्ट लागते, याचा या व्याख्येत कोठेही उल्लेख नाही. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

ही नावे इंग्लंड आणि उत्तर युरोपच्या लाकूडबाजारातली आहेत. तिथे एका बाजूला ओक, बीच, एल्म आणि दुसऱ्या बाजूला पाइन, स्प्रूस अशीच ठळक विभागणी होती आणि करवतीला ती खरीही वाटे. उष्ण प्रदेशातल्या झाडांना मात्र ती लागू पडत नाही. खेळण्यातली विमाने ज्याची करतात ते दक्षिण अमेरिकेतले बाल्सा घनमीटरला जेमतेम १६० किलो भरते आणि नखानेही दबते, तरी ते वर्गाने कठीण. इंग्रज तिरंदाज ज्याची धनुष्ये करीत ते यू या सूचिपर्णी वृक्षाचे लाकूड वजनाने आणि घट्टपणाने सागाच्या पंक्तीला बसते, तरी ते मऊ. आपल्याकडची काटेसावर आणि पांगारा यांचीही हीच गत: कागदोपत्री कठीण, सुताराच्या पटाशीला लोण्यासारखी.

रचना : खरा फरक पाहायचा तर फळीचे टोक धारदार पटाशीने साफ तासून भिंगाखाली धरावे. कठीण लाकडात बारीक छिद्रे दिसतात. मुळांकडून पाणी वर नेणाऱ्या नळ्यांची, म्हणजे वाहिन्यांची, ती तोंडे होत. सागात हंगामाच्या आरंभीची छिद्रे मोठी असतात आणि वर्तुळात ओळीने बसतात, म्हणून सागाच्या फळीवर रेषा उठून दिसतात. आंब्यात ती सगळीकडे विखुरलेली असतात. मऊ लाकडात या नळ्या नसतातच. तिथे नव्वद टक्क्यांहून अधिक भाग वाहिनिका नावाच्या लांबट पेशींचा असतो आणि पाणी वाहणे व भार पेलणे ही दोन्ही कामे त्याच करतात. चीड, स्प्रूस यांत शिवाय राळेच्या नलिका असतात. पाइनच्या फळीवर उन्हात चिकट थेंब उमटतात ते यामुळे.

मग घट्टपणा कशाने ठरतो? पेशीभित्तीचा पदार्थ कोणत्याही झाडात पाण्याच्या सुमारे दीडपट जड असतो, मग ते बाल्सा असो की बाभूळ. फरक पेशींच्या आतल्या पोकळीत आहे. भिंती जाड आणि पोकळी अरुंद असेल तर लाकूड जड व टणक. उलट असेल तर हलके. विदर्भ-खानदेशातल्या अंजनाच्या गाभ्यात हवेला इतकी कमी जागा असते की ते पाण्यात बुडते. टणकपणा मोजण्यासाठी यांका चाचणी वापरतात. गाब्रिएल यांका या ऑस्ट्रियन संशोधकाने १९०६ मध्ये सुचवलेल्या या चाचणीत ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी अर्धी आत रुतवायला किती जोर लागतो ते पाहतात. लाकूड विकत घेणाऱ्याला वर्गाच्या नावापेक्षा हा आकडा अधिक उपयोगाचा.

उपयोग : महाराष्ट्रात सूचिपर्णी वृक्ष मुळात उगवतच नाहीत. सह्याद्रीच्या पार दक्षिण टोकाला एक जात सापडते, बाकीची बहुतेक हिमालयात आणि ईशान्य भारतात. त्यामुळे मराठी सुतारकी पिढ्यान् पिढ्या ‘कठीण’ लाकडावरच चालत आली आणि तिने आपली निवड वर्गावरून नव्हे, झाडावरून केली. बैलगाडीच्या चाकाला आणि नांगराला बाभूळ, मुसळाला खैर, कुऱ्हाडीच्या दांड्याला धावडा, कोकणातल्या घरांना फणस आणि किंजळ, ढोलकीला आंबा. सावंतवाडीच्या रंगीत खेळण्यांना पांगाऱ्यासारखे हलके लाकूड लागे. तिथे शिसव घेऊन बसणारा कारागीर वेडाच म्हणायचा.

या सगळ्यांत साग वेगळा पडतो, तो टणकपणामुळे नव्हे. अनेक लाकडे त्याहून टणक आहेत. पण गाभ्यातल्या नैसर्गिक तेलकट द्रव्यांमुळे त्याला वाळवी सहसा शिवत नाही, पावसाळ्यात तो फार फुगत नाही आणि त्यात बसवलेले लोखंड गंजत नाही. ओकमध्ये खिळे गंजतात. जहाज बांधणाऱ्यांना हा फरक प्राणांइतका मोलाचा होता. मुंबईच्या गोदीत वाडियांच्या देखरेखीखाली मलबारी सागाची बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ मध्ये पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगती उभी आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीही २०२३ मध्ये सागवान गेले ते बल्लारशाहून.

मऊ लाकडाचा जोर वेगळ्या ठिकाणी. खोड सरळ, गाठी सोडल्या तर धागा एकसारखा, वजन कमी, करवत-रंधा सहज चालतो आणि झाड लवकर वाढते. न्यूझीलंडचे रेडिएटा पाइन पंचवीस-तीस वर्षांत तोडणीला येते. तेच कांडला बंदरात उतरून गांधीधामच्या गिरण्यांत चिरले जाते आणि खोकी, पॅलेट व सेंट्रिंगच्या फळ्या होऊन देशभर जाते. पाइन मुळात टिकाऊ नसले तरी त्याचा बाहेरचा भाग रसायन चांगले शोषतो, म्हणून संस्कार केलेले पाइन उघड्यावरही चालते. परदेशी खोक्याच्या फळीवर ‘एचटी’ असा ठसा दिसतो. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता किमान ३० मिनिटे दिल्याची ती खूण, किडी देशोदेशी जाऊ नयेत म्हणून. तो टिकाऊपणाचा दाखला नव्हे. जुन्या खोक्यांचे फर्निचर विकणारे कधीकधी तसे भासवतात. देवदार मात्र मऊ वर्गातला अपवाद: सुगंधी तेलामुळे तो मुळातच टिकतो. काश्मीरच्या जुन्या लाकडी वास्तूंत त्याचा मोठा वापर झाला आणि रेल्वेच्या स्लीपरांसाठीही तो लागला.

कागदात हेच वर्ग वेगळ्या कारणाने महत्त्वाचे ठरतात. सूचिपर्णी वृक्षांचे धागे तीन-चार मिलिमीटर लांब असल्याने त्यांचा कागद सहज फाटत नाही. निलगिरीसारख्या झाडांचे धागे मिलिमीटरभर, त्यांनी कागद गुळगुळीत होतो. गिरण्या बहुधा दोन्हींचा लगदा मिसळतात. व्हायोलिनमध्येही दोघे एकत्र येतात: सूर उमटवणारी वरची पाटी स्प्रूसची, पाठ मेपलची. क्रिकेटच्या बॅटचे पाते मात्र एकट्या विलोचे, म्हणजे वर्गाने कठीण. पण विलो हलके आहे आणि चेंडूचा मार खाताना दबते, म्हणूनच ते चालते.

बांबू आणि माड यांना या विभागणीत जागाच नाही. बांबू गवताच्या कुळातला आणि माड ताडांच्या. दोन्ही एकदल, त्यामुळे साग-पाइनसारखी वर्षाची वलये त्यांत पडत नाहीत. माडाच्या खोडात घट्ट भाग बाहेर आणि भुसभुशीत आत, म्हणजे सागाच्या नेमके उलट. कोकणात माडाचे वासे काढताना म्हणूनच खोड चिरून बाहेरची बाजू ठेवतात आणि मधला भाग टाकून देतात.