दीर्घकालीन शुश्रूषा विम्यावरील राज्यांचे टॅक्स क्रेडिट (अमेरिका)

म्हातारपणी किंवा आजारपणात लागणाऱ्या रोजच्या देखभालीचा खर्च देणाऱ्या दीर्घकालीन शुश्रूषा विम्यासाठी भरलेल्या हप्त्याचा काही भाग अमेरिकेतील मोजकी राज्ये करदात्याच्या राज्य उत्पन्नकरातून थेट कमी करतात. या सवलतीला टॅक्स क्रेडिट म्हणतात. भारतीय वाचकाने कलम 80डी आणि 87ए यांतला फरक आठवावा. 80डीची वजावट करपात्र उत्पन्न घटवते, तर 87एची रिबेट आकारलेला करच घटवते. क्रेडिट हे या दुसऱ्या जातीचे. मात्र येथे वर्णन केलेली क्रेडिट परतावा देणारी नाहीत. कर शून्यावर आला की उरलेली रक्कम रोख हातात पडत नाही.

राज्यांना यात रस असण्याचे कारण मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्न-बचत असलेल्यांसाठीची सरकारी आरोग्य योजना. पासष्टीनंतरच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्यातून रुग्णालयवासानंतरची नर्सिंग होममधली देखभाल फार तर 100 दिवस मिळते. वर्षानुवर्षे लागणारी आंघोळ-जेवणाची मदत त्यात बसत नाही. माणसाची बचत संपली की हा खर्च मेडिकेडवर येतो आणि त्यातला वाटा राज्यालाही उचलावा लागतो. आज थोडा कर सोडला तर उद्याचे बिल विमा कंपनी भरेल, असा हा हिशेब आहे.

कोणतीही पॉलिसी चालत नाही. 1996 च्या हिपा या आरोग्य विम्याविषयीच्या कायद्याने संघीय करसंहितेत कलम 7702बी आले आणि त्यात बसणाऱ्या पॉलिसीला ‘टॅक्स-क्वालिफाइड’ म्हणतात. आंघोळ, कपडे घालणे, जेवणे, शौचाला जाणे, पलंगावरून उठून खुर्चीत बसणे आणि मलमूत्रावर ताबा या सहा कामांपैकी किमान दोन निदान 90 दिवस स्वतःला जमणार नाहीत, किंवा स्मृतिभ्रंशासारख्या आजारामुळे सतत देखरेख लागते, असे प्रमाणित झाल्यावरच तिचे लाभ सुरू होतात. पॉलिसी 7702बीखालची असल्याचा उल्लेख कागदपत्रांत बहुधा सुरुवातीलाच असतो. विवरणपत्र भरण्याआधी तेवढे वाक्य शोधावे. जीवन विम्याला जोडलेला शुश्रूषा रायडर असेल, तर रायडरचा वेगळा दाखवलेला आकारच काय तो विचारात येऊ शकतो, पूर्ण हप्ता नव्हे.

सर्वांत ठसठशीत सवलत न्यूयॉर्कची. तिथे वर्षभरात भरलेल्या हप्त्याच्या 20 टक्के क्रेडिट मिळते. 2020 च्या करवर्षापासून त्यावर दोन मर्यादा आल्या: क्रेडिट कमाल 1,500 डॉलर आणि न्यूयॉर्कचे समायोजित ढोबळ उत्पन्न (ठरावीक फेरफार केल्यानंतरचे एकूण उत्पन्न) 2,50,000 डॉलरपेक्षा कमी. पती-पत्नीचे मिळून हप्ते 5,800 डॉलर झाले तर 1,160 डॉलर सुटतात. 9,000 झाले तर हिशेबाने 1,800, पण पदरात 1,500 च. उत्पन्नाची अट मात्र कड्यासारखी आहे: एका डॉलरने ओलांडली की क्रेडिट पूर्ण जाते, हळूहळू घटत नाही. दावा आयटी-249 या फॉर्मवर करतात आणि तो रहिवाशाच्या आयटी-201 किंवा अनिवासीच्या आयटी-203 या विवरणपत्राला जोडतात. त्या वर्षी कर कमी पडला तर उरलेले क्रेडिट पुढील वर्षांत वापरता येते.

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहून मॅनहॅटनमध्ये नोकरी करणारी मराठी कुटुंबे नेमकी इथेच अडकतात. पॉलिसीला न्यूयॉर्कच्या वित्तीय सेवा अधीक्षकांची मान्यता लागते. अपवाद राज्याबाहेर दिलेल्या, 7702बीत बसणाऱ्या सामूहिक पॉलिसीचा. न्यू जर्सीत वैयक्तिकरीत्या घेतलेली पॉलिसी कितीही चांगली असली तरी या चाळणीतून बहुधा गळते; कंपनीमार्फत मिळालेली सामूहिक पॉलिसी टिकू शकते. टिकली तरी अनिवासीला क्रेडिट न्यूयॉर्कमधील उत्पन्नाच्या प्रमाणातच मिळते.

मिनेसोटात हप्त्याच्या 25 टक्के किंवा 100 डॉलर, यांपैकी जे कमी ते मिळते. संयुक्त विवरणपत्रावर दोघांचे मिळून 200. हप्ता 400 डॉलर ओलांडताच मर्यादा गाठली जाते, म्हणजे ही प्रत्यक्षात ठरावीक शंभराची नोट आहे. पॉलिसीची आजीवन लाभमर्यादा किमान 1,00,000 डॉलर हवी. शिवाय संघीय विवरणपत्रात वैद्यकीय खर्च म्हणून वजा केलेला हप्ता इथे पुन्हा धरता येत नाही.

मेरीलँडचे क्रेडिट एका विमाधारकासाठी आयुष्यात एकदाच मिळते: चाळिशीपुढच्या व्यक्तीसाठी कमाल 500 डॉलर, त्याहून लहानांसाठी थोडे कमी. 1 जुलै 2000 पूर्वी विमा असलेल्यांना ते नाही. करदाता स्वतःसाठी, जोडीदार, आई-वडील किंवा मुलांसाठी भरलेल्या हप्त्यावर दावा करू शकतो, पण विमाधारक मेरीलँडचा रहिवासी हवा. आईचा हप्ता मुलगा भरतो, तो दावा करतो, आणि पुढच्या वर्षी बहीण त्याच आईसाठी करते. मग दुसरा दावा फेटाळला जातो. कोणी दावा करायचा हे भावंडांनी आधी ठरवलेले बरे. न वापरलेली रक्कम इथे पुढे नेता येत नाही.

नॉर्थ डकोटा 250 डॉलरपर्यंत देते, पण केवळ ‘पार्टनरशिप’ पॉलिसीवर. अशा पॉलिसीने 1,50,000 डॉलरचे लाभ दिले, तर पुढे मेडिकेड मागताना तेवढी मालमत्ता हिशेबातून वगळतात. ही योजना आधी चार राज्यांत होती. 2005 च्या तूट-कपात कायद्यानंतर इतरांना खुली झाली. क्रेडिटपेक्षा हे संरक्षण कितीतरी मोलाचे.

हप्ते मात्र स्थिर राहत नाहीत. जुन्या पॉलिसींची किंमत ठरवताना बरेच ग्राहक मध्येच पॉलिसी सोडतील आणि व्याजदर चढे राहतील असे कंपन्यांनी गृहीत धरले होते. दोन्ही अंदाज चुकले आणि राज्य नियामकांच्या मंजुरीने हप्ते वाढत गेले. 2,000 डॉलरचा हप्ता 2,600 झाला तर न्यूयॉर्कमधले क्रेडिट 400 वरून 520 होते, मिनेसोटातले शंभरच राहते.

टेक्सास, फ्लोरिडासारख्या राज्यांत वैयक्तिक उत्पन्नकरच नसल्याने क्रेडिटचा प्रश्न येत नाही. वॉशिंग्टन राज्याने तर उलटी वाट धरली: जुलै 2023 पासून तिथे पगारातून 0.58 टक्के कापून सार्वजनिक शुश्रूषा निधी उभारला जातो, आणि 1 नोव्हेंबर 2021 पूर्वी खाजगी विमा घेतलेल्यांना अर्ज करून त्यातून सूट मिळवता आली.