स्वहस्ते घरदुरुस्ती (ग्रामीण विदर्भ)

ठेकेदार न लावता घरच्याच माणसांनी राहत्या घरात केलेली सुधारणा आणि तिच्यामुळे वाढणारी घराची किंमत. विदर्भातल्या खेड्यांत गावठाणातले घर क्वचितच विकले जाते. त्यामुळे ही किंमत बाजारभावात कमी दिसते. भावाभावांच्या वाटणीत आणि सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांच्या नजरेत जास्त दिसते.

जुनी घरे पूर्व विदर्भात मातीच्या भिंतींची आणि देशी कवेलूंची (कौलांची); बुलढाणा-अकोल्याकडे पांढऱ्या मातीच्या धाब्याची, म्हणजे सपाट छपराची. दोन्हींचा वैरी एकच, पाणी. म्हणून मृगाआधी कवेलू फेरणे ही सर्वांत जुनी आणि आजही सर्वांत फायद्याची दुरुस्ती. कवेलू उतरवायचे, उधई (वाळवी) लागलेली लाकडे बदलायची, फुटके बाजूला काढून बाकीचे पुन्हा रचायचे. वानरे रोज कवेलू फोडतात आणि नवे घडवणारे कुंभार फारसे उरले नाहीत, म्हणून अनेकांनी टिनपत्रे टाकली. टिन दरवर्षी फेरावे लागत नाही, हे खरे. पण चंद्रपूर-नागपूरकडे पारा 45 अंशांवर गेला की त्याखाली दुपारी बसवत नाही. मग वरून चुना मारा, आतून बांबूचे तट्टे लावा, असे जोडकाम सुरू होते.

पैसा सर्वांत जास्त वाया जातो तो मातीच्या भिंतीला सिमेंटचे प्लास्टर करण्यात. जमिनीतून चढणारी ओल सिमेंटमागे अडकते आणि काही पावसाळ्यांत पोपडे धरून प्लास्टर सुटते. माती, शेण आणि कुटार (भुसा) कालवून काही दिवस कुजू दिलेल्या चिखलाचा गिलावा अशा भिंतीला अधिक मानवतो. सेवाग्रामची बापू कुटी माती, बांबू आणि कवेलूंचीच आहे. वेळच्या वेळी देखभाल होते म्हणून ती टिकली आहे.

कपाशीची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरच्या घरांना तिरपे तडे जातात. नुसता तडा बुजवणे म्हणजे पुढच्या वर्षी तेच काम पुन्हा करणे. आधी भिंतीलगत मुरूम भरून ओटा बांधावा आणि पाणी अंगणाबाहेर काढावे.

सिमेंटकामाला किमान 7 दिवस पाणी मारावे लागते. एप्रिल-मेमध्ये प्यायलाच पाणी नसते आणि दिवाळीनंतर घरची सगळी माणसे कापूस वेचणीत असतात, तेव्हा संक्रांत ते होळी हाच काळ उरतो. स्लॅब आणि विजेची जोडणी मात्र जाणकाराकडेच द्यावी.

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) सपाट भागातल्या घराला 1.20 लाख रुपये देते, शिवाय रोजगार हमीतून सुमारे 90 दिवसांची मजुरी. घर किमान 25 चौरस मीटरचे हवे. एवढ्यात भागत नाही, म्हणून विटा वाहणे, पाया खोदणे घरचेच लोक करतात.

वाढवलेली खोली ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये (घरांच्या कर आकारणीच्या नोंदवहीत) चढवायला लोक टाळतात, कारण पक्क्या बांधकामावर घरटॅक्स वाढतो. ही बचत तोकडी आहे. नोंद नसलेली खोली कर्ज काढताना किंवा वाटणीत मोजून घेताना अडचणीची ठरते. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाण मोजून मिळकत पत्रिका दिली जाते. त्यामुळे जागेची हद्द तरी कागदावर येते.