ड्रमवरचा मेलेला मासा : ९६ तासांच्या चाचणीची पार्श्वभूमी

ठाणे-बेलापूर रस्त्यावर रबाळे ते तुर्भे या टप्प्यात टेम्पोंमधून जाणारे निळे ड्रम कुणी निरखून पाहत नाही. त्यातल्या काहींवर लाल चौकटीचं लेबल असतं: वाळकं झाड आणि शेजारी मेलेला मासा. हे चिन्ह संयुक्त राष्ट्रांच्या रसायन-वर्गीकरण पद्धतीतलं, २००३ साली प्रसिद्ध झालेलं. ते लावायचं की नाही हे ठरवणाऱ्या आकड्यांपैकी एक आकडा बहुतेक वेळा खऱ्या माशांच्या मरणातून आलेला असतो. एक लिटर पाण्यात एक मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी रसायन असताना चार दिवसांत निम्मे मासे मरत असतील, तर ते रसायन पाण्यातल्या जिवांसाठी तीव्र विषारी, पहिल्या वर्गातलं.

याच पट्ट्यातल्या कारखान्यांच्या कन्सेंटमध्ये, म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीपत्रात, माशांची आणखी एक अट असते. प्रक्रिया केलेलं सांडपाणी जराही पातळ न करता त्यात मासे सोडायचे आणि ९६ तासांनी त्यातले ९० टक्के जिवंत असले पाहिजेत. या दोन चाचण्यांचं घराणं एक, प्रश्न मात्र वेगळे. पहिली रसायनाला विचारते, 'तू किती विषारी?' दुसरी नळीतून आलेल्या पाण्याला विचारते, 'आज, एवढ्यात, मारतोस का?' खाडीकाठच्या बैठकांत आणि बातम्यांत या दोन्हींची सरमिसळ होते, आणि 'मासे जगले, म्हणजे पाणी चांगलं' असं सर्रास म्हटलं जातं. ही चाचणी कशासाठी जन्माला आली हे पाहिलं, तर ती असं कधीच म्हणत नव्हती हे कळतं.

विषाचं प्रमाण आणि मासा यांचं नातं ठाणे जिल्ह्याला प्रयोगशाळेकडून शिकावं लागलेलं नाही. डोंगराळ तालुक्यांत ओढ्याचं पाणी आटून डोह उरले की रामेठ्याची साल किंवा गेळ्याची फळं ठेचून डोहात कालवायची आणि गुंगलेले मासे हातांनी वेचायचे, ही सह्याद्रीतली जुनी रीत. गेळ्यातली सॅपोनिनं माशाच्या कल्ल्यांवर हल्ला करतात. डोह केवढा आणि फळं किती हा हिशेब अनुभवाचा असे. कमी पडलं तर मासे निसटणार. एकाग्रता आणि परिणाम यांची सांगड इथे पूर्ण आहे. फक्त ती कागदावर नव्हती.

ती कागदावर आली कारखान्यांमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातल्या नद्यांमध्ये रंगाई, कातडी कमावणं, गॅसनिर्मिती यांचं सांडपाणी उतरू लागलं आणि मासेमारीवाल्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. कोणत्या पदार्थाने मासे मेले हे दाखवायचं तर तो पदार्थ पाण्यात घालून मासे सोडून बघण्यावाचून इलाज नव्हता. अमेरिकेत व्हिक्टर शेलफर्ड यांनी १९१७ च्या सुमारास इलिनॉयमध्ये कोळशापासून गॅस बनवणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्याचा माशांवरचा परिणाम असाच तपासला. पण प्रत्येकाची पद्धत निराळी. कुणी गोल्डफिश घेई, कुणी नदीतलाच मासा पकडून आणी. कुणी तासाभरात निकाल देई, कुणी आठवडाभर थांबे. एकाचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशेजारी ठेवता येत नसे.

त्याहून मोठी अडचण ऑक्सिजनची होती. सांडपाण्यातला सेंद्रिय मळ कुजताना पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन खातो आणि मासा विषाने नव्हे, गुदमरून मरतो. ठाणेकरांना हे सांगायला नको. तलावांच्या या शहरात एखाद्या सकाळी मासे तरंगताना दिसले की 'कुणीतरी केमिकल टाकलं' ही कुजबुज आधी सुरू होते, आणि पुष्कळदा कारण निघतं ते ऑक्सिजनच्या तुटवड्याचं. कुजणारं निर्माल्य, शेवाळाची वाढ, ढगाळ हवा. शेवाळ रात्री ऑक्सिजन देत नाही, घेतं. म्हणून पहाटेची वेळ सर्वांत वाईट. काठावर मेलेला मासा दोन्ही प्रकरणांत सारखाच दिसतो. त्यामुळे विषाची चाचणी म्हणायची तर ऑक्सिजन पुरेसा आहे याची खात्री हवी, हे सूत्र पुढच्या सगळ्या पद्धतींच्या मुळाशी बसलं. आजचा आंतरराष्ट्रीय नियम सांगतो की टाकीतला ऑक्सिजन संपृक्त पातळीच्या ६० टक्क्यांखाली जाता कामा नये.

निम्मे मासे मरण्याचा आकडा मात्र नदीवरून आला नाही, औषधशास्त्रातून आला. पूर्वी औषधांची 'किमान मारक मात्रा' काढत. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डब्ल्यू. ट्रेव्हन यांनी १९२७ साली दाखवलं की अशी एक ठाम मात्रा नसतेच. काही प्राणी लवकर दगावतात, काही चिवट निघतात. पहिला कोण आणि शेवटचा कोण हा नशिबाचा भाग. मधल्या ५० टक्क्यांचा बिंदू त्यामानाने स्थिर. म्हणून मोजायचं तर तेच. १९३०च्या दशकात चेस्टर ब्लिस यांनी प्रॉबिट नावाचं गणित दिलं, त्यामुळे मरणाच्या आलेखाची वाकडी रेघ सरळ करून तो बिंदू वाचता येऊ लागला.

माशांच्या चाचणीला शिस्त लावली ती हार्ट, डाउडोरॉफ आणि ग्रीनबँक या तिघांच्या १९४५ च्या पुस्तिकेने. ती एका अमेरिकन तेलशुद्धीकरण कंपनीने छापली होती. हे मला महत्त्वाचं वाटतं. कारखान्यांना आपलं सांडपाणी नदीत किती सोडता येईल हे जाणून घ्यायचं होतं आणि चाचणीचा साचा त्या गरजेतून घडला. १९५१ साली डाउडोरॉफ आणि सहकाऱ्यांनी ती पद्धत आणखी नेटकी करून प्रसिद्ध केली. तेव्हा निकालाला 'मध्यम सहनमर्यादा' म्हणत, पुढे एलसी ५०, म्हणजे निम्मे मासे मारणारं प्रमाण, हे नाव रुळलं. सुरुवातीला २४ आणि ४८ तासांवर भर होता, ९६ तास हळूहळू पक्के झाले. चार दिवसांत बहुतेक तीव्र विषांचं मारण्याचं काम आटोपलेलं असतं हे त्याचं शास्त्रीय समर्थन. सोमवारी मासे सोडले की शुक्रवारी निकाल लागतो आणि शनिवार-रविवार मोकळा राहतो, ही सोयही काही कमी नाही.

त्याच सुमारास कीटकनाशकं आली आणि लिटरमागे मिलिग्रॅम ही भाषा अपुरी पडू लागली. १९६३ च्या अखेरीस मिसिसिपी नदीच्या खालच्या भागात प्रचंड मासे मेले, आणि तपासात एन्ड्रिन या कीटकनाशकाचं नाव पुढे आलं. एन्ड्रिन अनेक माशांना लिटरमागे एका मायक्रोग्रॅमहूनही कमी पुरतं. आता प्रत्येक नव्या रसायनाचा आकडा बाजारात येण्याआधीच हवा होता, तोही एका देशातला दुसऱ्या देशात चालेल असा.

ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेने १९८१ साली चाचणी क्रमांक २०३ स्वीकारली ती यासाठी. १९९२ आणि २०१९ साली तिच्यात मोठ्या सुधारणा झाल्या, गाभा तोच राहिला. रसायनाच्या किमान पाच पायऱ्या, प्रत्येक पायरी आधीच्या २.२ पटीपेक्षा मोठी नको: समजा १, २.२, ४.८, १०.६, २३.४ मिलिग्रॅम. प्रत्येकीत किमान सात मासे, शिवाय नुसत्या पाण्याची कंट्रोल टाकी. म्हणजे एका रसायनासाठी निदान ४२ मासे. चार दिवस खाणं बंद. २४, ४८, ७२ आणि ९६ तासांना मोजणी. कंट्रोलमध्ये १० टक्क्यांहून जास्त मासे (दहापेक्षा कमी मासे असतील तर एकाहून जास्त) मेले तर सगळी चाचणी बाद. चाचणीपूर्वीच्या सात दिवसांत साठ्यातले १० टक्क्यांहून जास्त मासे दगावले तर ती अख्खी खेपच टाकून द्यायची.

कागदावर हे सोपं दिसतं. आपल्याकडच्या प्रयोगशाळेला पहिला त्रास नळाच्या पाण्याचा. आपण बिनधास्त पितो ते क्लोरिनचं पाणी माशाच्या कल्ल्यांना सोसत नाही. ते आधी काढावं लागतं. आपल्या धरणांतलं पाणी पावसाचं, मृदू. तांबं, जस्त, कॅडमियम असे धातू मृदू पाण्यात माशांना जास्त बाधतात, कठीण पाण्यात कमी. म्हणजे कठीण पाण्यात काढलेला तांब्याचा आकडा जसाच्या तसा इथे उचलून चालत नाही. काही रसायनं काचेला चिकटतात, काही हवेत उडून जातात. म्हणून टाकीत किती घातलं यापेक्षा टाकीत किती उरलं हे मोजावं लागतं. आणि ओईसीडीच्या चाचणी-माशांच्या यादीतला ट्राउट? त्याला थंडगार पाणी लागतं. मे महिन्यातल्या रबाळ्यात ट्राउट जगवायचा तर चाचणीपेक्षा चिलरचंच बिल मोठं व्हायचं.

ओईसीडीच्या यादीत सुदैवाने उष्ण पाण्यातले मासेही आहेत, आणि त्यातला सर्वांत लाडका मूळचा आपल्याच उपखंडातला. निळ्या पट्ट्यांचा झेब्राफिश. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या ग्रंथात त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. यादीत गप्पीही आहे. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून पालिका आणि ग्रामपंचायती गटारांत, टाक्यांत सोडतात तोच हा दक्षिण अमेरिकेतून आलेला मासा. गटारात तगणारा गप्पी विषाच्या परीक्षेला बसवावा का, असा प्रश्न पडतो खरा. पण चिवटपणा ऑक्सिजनच्या कमतरतेपुरता असतो. कीटकनाशकापुढे तो कामी येईलच असं नाही.

महाराष्ट्रातला धागा वेगळा आहे, तो रसायनाचा नसून सांडपाण्याचा. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली आणि ठाणे खाडीच्या पूर्वेला रसायन कारखान्यांची रांग उभी राहिली. जलप्रदूषणाचा केंद्रीय कायदा १९७४ चा, पण महाराष्ट्राने स्वतःचा कायदा १९६९ सालीच केला होता आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ सप्टेंबर १९७० मध्ये सुरू झालं. लगेच पुढच्या वर्षी, १९७१ साली, सांडपाण्याची माशांवरची तीव्र विषारीता तपासायचं भारतीय मानक, आयएस ६५८२, निघालं. १९९३ साली पर्यावरण संरक्षण नियमांच्या सहाव्या अनुसूचीत सर्वसाधारण मानकं आली. ९६ तास, शंभर टक्के सांडपाणी, ९० टक्के मासे जिवंत, ही अट तिथली.

ही अट हुशारीची आहे, हे मान्य करायला हवं. प्रयोगशाळा नमुन्यात ठरावीक गोष्टी शोधते: सीओडी, बीओडी (सेंद्रिय मळाची ऑक्सिजनच्या हिशेबातली मापं), फिनॉल, धातू. यादीत नसलेलं, उत्पादनाच्या मधल्या टप्प्यातलं एखादं रसायन त्या चाळणीतून सहज निसटतं. माशाला यादी ठाऊक नसते. दोन निरुपद्रवी पदार्थांचं मिश्रण मारक ठरत असेल, तर तेही तोच सांगतो.

पण अट हो किंवा नाही एवढंच सांगते. शिवाय तिच्यात एक जुनी गोम आहे. सांडपाण्यात ऑक्सिजन कमी असतो म्हणून टाकीत हवा सोडावी, तर उडून जाणारं विष हवेबरोबर निघून जातं, अमोनियाही काही प्रमाणात जातो. हवा सोडू नये, तर मासा गुदमरतो. दोन्हींचा मेळ कसा घातला यावर निकाल हलतो. आणि चार दिवसांत न मारणारं पाणी अंडी, पिल्लं, प्रजनन यांचं काय करतं, शरीरात पारा किती साठवतं, हे चाचणीच्या कक्षेतच नाही.

जिवंत माशांची संख्या घटवण्याचे प्रयत्नही दरम्यान झाले. जर्मनीने सांडपाण्याच्या नियमित तपासणीतून माशाला वगळून २००५ पासून माशाची अंडी आणली. २०१३ साली ओईसीडीने झेब्राफिशच्या भ्रूणाची चाचणी स्वीकारली. तीही ९६ तासांचीच, पण पाहायचं ते अंडं गोठलं का, शेपटी बलकापासून सुटी झाली का, हृदयाचे ठोके आहेत का. २०२१ साली ट्राउटच्या कल्ल्यांच्या पेशींवरची चाचणी आली. तिला मासाच लागत नाही. मूळ २०३ मध्येही २०१९ पासून केवळ मेलेले न मोजता तोल जाणं, पृष्ठभागावर येऊन धापा टाकणं अशी लक्षणं नोंदवण्यावर भर आहे. इथल्या कन्सेंटमधल्या अटीपर्यंत यातलं फारसं काही पोचलेलं नाही.

आणि खाडीचा प्रश्न उरतोच. आपल्या औद्योगिक पट्ट्याचं पाणी शेवटी जातं ते भरती-ओहोटीच्या मचूळ पाण्यात. तिथे बोईट, निवटी, जिताडा, कोळंबी; दिवाळे, सारसोळेच्या कोळ्यांची जाळी. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात कल्ल्यांवाटे सतत पाणी शिरतं आणि तो ते बाहेर टाकत राहतो. समुद्रातला मासा उलट पाणी पितो आणि क्षार बाहेर टाकतो. कल्ल्यांचं काम असं उलटं असेल, तर तिथे घुसणाऱ्या विषाचा परिणामही सारखा असेल असं धरून चालता येत नाही. झेब्राफिश जगला, यावरून निवटीबद्दल बोलणं धाडसाचंच.

म्हणून जनसुनावणीत असा अहवाल समोर आला, तर शेवटच्या ओळीतल्या 'उत्तीर्ण'आधी काही रकाने वाचावेत. मासा कोणता होता, कंट्रोलमधले किती मेले, दर २४ तासांना ऑक्सिजन आणि सामू किती भरला, हवा सोडली होती का, आणि नमुना नळीतून उचलल्यापासून मासे सोडेपर्यंत किती वेळ गेला. हे रकाने रिकामे असतील तर ९० टक्क्यांच्या आकड्यावर चर्चा करण्यात अर्थ नाही. आधी ते भरून मागावेत.